८१९२ पायऱ्या आणि एक अंगठा

ग्राफिक्स टॅबलेट म्हणजे खास पेनाने चित्र काढून ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटवायची पाटी. तिच्या खोक्यावर ठळक टायपात एक आकडा छापलेला असतो. पूर्वी तो २०४८ असायचा, मग ८१९२ झाला, आता काही कंपन्या १६३८४ वर पोचल्यात. पेन किती जोरात दाबलंय हे ओळखायच्या या पायऱ्या. माणसाचा हात त्यांतल्या ढोबळमानाने तीनच वापरतो: हलका, नेहमीचा, आणि क्लायंटने ‘जरा पॉप होत नाहीये’ म्हटल्यानंतरचा. बाकीच्या खोक्यावर शोभून दिसतात.

खोक्यावर जे छापत नाहीत ते असं: पेनाची जाडी पकडीच्या जागी किती, वजन कुठे एकवटलंय, बटण अंगठ्याखाली येतं की तर्जनीच्या आड, आणि दोन तास रेघा ओढल्यावर अंगठ्याच्या बुडाशी काय होतं. पेन्सिल घ्यायला गेलं तर दुकानदार स्वतःहून चिठोरा पुढे करतो, ओढा म्हणतो चार रेघा. टॅबलेटचं पेन, म्हणजे स्टायलस, मात्र सीलबंद. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कितीही गोड बोललात तरी ‘फोडलं तर घ्यावं लागेल’ हेच उत्तर येतं. थोडक्यात, ज्या वस्तूला सगळ्यात जास्त वेळ हातात धरायचं, तिला हात लावायची परवानगी पैसे मोजल्यावर.

बरं, पेन आपण निवडतो हाही गैरसमजच. स्थळ टॅबलेटचं बघायचं आणि सासर म्हणून पेन पदरात पडायचं, असा हा व्यवहार. बहुतेक टॅबलेट विद्युतचुंबकीय अनुनादावर चालतात. पाटीच्या पोटात तारांची जाळी असते, पेनाच्या टोकाशी एक छोटं वेटोळं आणि कपॅसिटर. जाळी ठरावीक वारंवारतेचा संदेश सोडते, पेन तेवढ्या ऊर्जेवर जागं होऊन उत्तर देतं, म्हणून त्याला बॅटरी लागत नाही. पण ही वारंवारता आणि उत्तराची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळी असू शकते. वॅकॉम या टॅबलेट कंपनीच्या २०१७ सालच्या इंटुओस प्रो या मॉडेलवर प्रो पेन २ चालतं, जुनं ग्रिप पेन चालतं, आणि गोल फिरवलं तरी ओळखू येणारं आर्ट पेनही चालतं. पुढच्याच वर्षी आलेला, ‘प्रो’ नसलेला स्वस्त इंटुओस यांतल्या एकालाही दाद देत नाही. त्याला त्याच्याबरोबर आलेलंच पेन हवं. उलट २०२० सालचा वॅकॉम वन हा पडदेवाला टॅबलेट इतका मोकळ्या स्वभावाचा की लामी किंवा स्टेडलर या लेखनसाहित्याच्या कंपन्यांची डिजिटल पेनंही चालवून घेतो. म्हणून ‘आरामदायी स्टायलस सुचवा’ असं कोणी विचारलं की आधी टॅबलेटचा मॉडेल नंबर विचारावा. तो पाटीच्या पाठीवर, सहसा बारकोडच्या शेजारी, भिंगातून वाचण्याइतक्या अक्षरांत असतो.

आणि फुटपाथवर मिळणारं, टोकाला रबराचा गोळा किंवा पारदर्शक चकती असलेलं ते ‘युनिव्हर्सल’ पेन? ते फोनच्या काचेला ‘मी बोट आहे’ असं भासवतं. तुमच्या टॅबलेटला बोटाने चित्र काढायचं नसतं. पाटीवर ते पेन आणि लाटणं यांत फरक नाही.

आता जाडी. साधी पेन्सिल ७ मिलिमीटरच्या आसपास असते. टॅबलेटबरोबर फुकट येणारी बरीच पेनं पकडीच्या जागी १० ते ११ मिलिमीटर, गुळगुळीत प्लास्टिकची. पेन बारीक आणि निसरडं असलं की बोटं ते घट्ट आवळतात. हा आवळण्याचा जोर निबेपर्यंत, म्हणजे पेनाच्या टोकापर्यंत, पोचतच नाही, त्यामुळे ८१९२ पैकी एकाही पायरीला त्याचा पत्ता लागत नाही. तो सगळा अंगठ्याच्या सांध्यात जमा होतो. प्रो पेन २ पकडीपाशी १५ मिलिमीटर जाड आणि वजनाला जेमतेम १५ ग्रॅम आहे, ते उगाच नाही. जाड आणि हलकं हे उत्तम, बारीक आणि हलकं हे चालेल, बारीक आणि जड असेल तर ते ड्रॉवरमध्ये शोभतं. जुनी ट्रिपल-ए बॅटरीची पेनं या शेवटच्या जातीची. एकट्या बॅटरीचंच वजन ११-१२ ग्रॅम, आणि ती पेनाच्या मागच्या अंगाला असली की पेन सतत मागे कलंडू बघतं आणि बोटं सतत त्याला आवरत बसतात.

बारीक पेनाला जाड करायला नवं पेन लागत नाही. शाळकरी पोरांच्या पेन्सिलचे फोमचे ग्रिप ७ मिलिमीटरसाठी असतात, स्टायलसवर चढत नाहीत; चढवलेच तर फाटतात. त्यापेक्षा खेळाच्या दुकानातून बॅडमिंटन रॅकेटच्या मुठीवरची पातळ पट्टी आणावी, ज्याला ओव्हरग्रिप म्हणतात. ती साधारण २५ मिलिमीटर रुंद आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असते. उभी कापून दोन पट्ट्या कराव्यात. निबेजवळचा निमुळता शंकू मोकळा सोडून त्याच्या वरून सुरुवात करायची, दर वेढ्याला दोन मिलिमीटर मागचा वेढा झाकायचा, बटणापाशी आलं की खिडकी सोडायची. तीन थर झाले की जाडीत तीन-साडेतीन मिलिमीटरची भर पडते. शेवट इन्सुलेशन टेपने बांधायचा. पट्टी ताणून गुंडाळायची, पण इतकीही नाही की बटण कायमचं दाबलेलं राहील. तसं झालं तर चित्र काढताना दर रेघेला राइट क्लिकचा मेनू उघडतो, आणि लोक ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा काढून तीनदा टाकतात, पट्टीकडे मात्र बघत नाहीत.

घाई असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी, स्वतःलाच चिकटणारी क्रेप पट्टीही चालते. घाम छान शोषते; महिन्याभरात तिचा रंग बघवत नाही, तेव्हा बदलावी. एकच पथ्य: पेन जड किंवा देखणं करण्यासाठी टोकाजवळ तांब्याची टेप, धातूची कडी, चांदीचा कागद असलं काही गुंडाळू नये. आत वेटोळं आहे. त्याच्याभोवती धातूचं कडं आलं की अनुनाद बिघडतो आणि कर्सर थरथरायला लागतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेचा यात स्वतंत्र हिस्सा आहे. काही पेनांवरचं मऊ रबरी आवरण तीन-चार पावसाळ्यांत चिकट होतं आणि गुळाच्या ढेपेसारखं हाताला लागतं. कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं तर काही दिवस निभावतं, नंतर वर सांगितलेली पट्टी आहेच. तळहाताची कडही पाटीला चिकटते, मग हात सरकायच्या ऐवजी अडकत अडकत जातो. त्यासाठी करंगळी आणि अनामिकेचा दोन बोटांचा मोजा मिळतो. जुना नायलॉनचा पायमोजा कापूनही तो होतो, फक्त धुतलेला घ्यावा.

निब हा तर वेगळाच संसार. निब म्हणजे टोकाची बदलता येणारी प्लास्टिकची काडी, आणि पेन बदलायची इच्छा झालेल्या निम्म्या लोकांना खरं तर निब बदलायची गरज असते. वापरून वापरून ती एका अंगाने झिजते, छिन्नीसारखी तिरपी होते आणि धारेने पाटीवर ओरखडे काढते. तोंडाबाहेर ती एक मिलिमीटरच्या आत उरली असेल किंवा टोक चपटं दिसत असेल तर बदलायचीच. पेनाबरोबर एक छोटी कडी मिळते. तिच्यात निब धरून सरळ रेषेत ओढायची. कडी हरवली असेल (ती हरवतेच) तर भुवयांचा चिमटा चालतो. दात चालत नाहीत. वाकडी ओढली तर आत मोडते, आणि मोडलेला तुकडा काढायला फेविक्विक लावलेली सुई घालण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांना नवं पेन लागतंच.

प्लास्टिकची साधी निब टिकाऊ पण घसरडी. फेल्टची निब कागदासारखी धरून चालते, पण भराभर झिजते. घसरगुंडी नको असेल तर बिनपडद्याच्या टॅबलेटवर कार्ट्रिज पेपरचा तुकडा मास्किंग टेपने चिकटवावा. संदेश कागदातून आरपार जातो, रेघ पेन्सिलीसारखी अडखळत छान उतरते, आणि निब भराभर संपते. कागद हा दिसतो तितका सालस नसतो. पेन टोकावर उभं करून पेल्यात ठेवू नये. निबेमागे दाब मोजणारा भाग असतो, त्याच्यावर रात्रभर वजन राहिलं की काही काळाने पेन पाटीला टेकायच्या आधीच रेघ ओढायला लागतं.

एवढं करूनही हात दुखत असेल तर दोष पेनात नसून सेटिंगात असण्याचा संभव मोठा. दाबाची वक्ररेषा सगळ्यांकडे असते, बघतं कुणीच नाही. ड्रायव्हरमध्ये मऊ ते कडक अशी पट्टी मिळते. क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅबलेट सेटिंग्ज असं गेलं की आलेखच समोर येतो. आडव्या अंगाला तुमच्या हाताचा दाब, उभ्या अंगाला रेघेला मिळणारा दाब. रेषा वरच्या बाजूला फुगवली की थोड्या दाबात जाड रेघ मिळते, हात निवांत राहतो. खाली झुकवली की बारीक छटांवर ताबा येतो, पण ठळक रेघेसाठी रेटावं लागतं. दुखणाऱ्या हाताने आठवडाभर वर फुगवलेली रेषा वापरावी. सुरुवातीला सगळंच चित्र मार्करने काढल्यासारखं दिसतं, मग हात आपोआप हलका पडतो. मात्र हा बदल ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये, एकाच ठिकाणी करावा. दोन्हीकडे केला तर दोन वक्ररेषा एकमेकींवर चढतात आणि हलका आणि नेहमीचा यांच्या मधली जागाच नाहीशी होते.

विंडोजवर पेन क्षणभर थांबवलं की भोवती एक गोल उमटतो आणि रेघ उशिरा सुटते, तोही पेनाचा दोष नव्हे. कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टच उघडून ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करायचं. सावकाश ओढलेली रेघ नागमोडी येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा. रेघ सरळ झाली तर चोर बहुधा सापडला: प्लगची तिसरी पिन चुकवणारा तो दोन पिनांचा कन्व्हर्टर. अर्थिंग मिळालं की पेनाचा कंपवात बरा होतो. आणि बाजूची बटणं चुकून दाबली जात असतील तर ड्रायव्हरमध्ये ती सरळ बंद करावीत. त्याला लाज वाटण्यासारखं काही नाही.

पाटीच्या आकाराचा हिशेब लोक विसरतात. १६० मिलिमीटर रुंदीची छोटी पाटी २४ इंची मॉनिटरला जोडली, की पडद्याची रुंदी भरते ५३० मिलिमीटर. हात १ सेंटिमीटर हलला की कर्सर ३.३ सेंटिमीटर पळतो. मग सगळं चित्र बोटांच्या पेरांतून निघतं, कोपर आणि खांदा पगार घेऊन बसून राहतात. २२४ मिलिमीटरच्या मध्यम पाटीवर हेच प्रमाण २.४ वर येतं. लगेच नवी पाटी घ्यायची नसेल तर पडद्यावर चित्र झूम करून हाताला मोठे फटकारे मारायला लावावं. आणि पाटीचं पडद्याशी प्रमाण जुळवणारी खूण ड्रायव्हरमध्ये जरूर करावी, नाहीतर हात वर्तुळ काढतो आणि पडद्यावर अंडं येतं.

दुसऱ्याचं पेन पारखून बघायची संधी मिळाली तर गुलाब किंवा डोळा काढू नये. ते सगळ्यांचं सवयीने बरं येतं. देवनागरी लिहावं. ‘झुंबर’, ‘संथ’, ‘चिंचगुळाची आमटी’ असं काहीतरी लहान अक्षरात. अनुस्वार म्हणजे सगळ्यात हलका, सगळ्यात छोटा स्पर्श. जे पेन जागं व्हायलाच जास्त दाब मागतं ते अनुस्वार गाळतं. झुंबराचं झुबर झालं की पेन खाली ठेवावं. मग ‘ळ’ आणि ‘श्री’: वळणावर निब आपल्या भोकात डुगडुगते का ते इथे कळतं. शेवटी एका दमात लांब शिरोरेखा, कोपरातून. ती तिरकी गेली तर पाटी खांद्याला समांतर नाही, पेनाला बोल लावू नये. हे सगळं वीस मिनिटं करावं, पाचात सगळीच पेनं गोड वाटतात. नंतर मधल्या बोटाचा पहिल्या पेराजवळचा भाग बघावा. तिथे खळी पडून लाल झाली असेल तर पेन बारीक आहे किंवा तुम्ही ते आवळताय.

फक्त मित्राकडून पेन मागताना त्याची पाटीही मागावी लागते, कारण तुमच्या पाटीवर ते चालेलच असं नाही. आणि चित्रकार मित्र डेडलाइनच्या आठवड्यात पाटी देत नाहीत. डेडलाइन नसलेला चित्रकार आधी गाठावा.