खडकवासलेकर काकांना उत्तर (लांबलंय, चहा घेऊन बसा)

खडकवासलेकर काका,

(काका म्हणतेय कारण तुम्हीच लिहिलंय की पस्तीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालात. चालेल ना?)

उत्तराला आठवडा लागला, सॉरी. दोन ओळीत उरकणार होते, पण तुम्ही इतकं मनापासून झापलंय की दोन ओळी टाकणं बरं दिसलं नसतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आफ्रिकेत लोकशाहीसाठी, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या लोकांच्या पाठीशी विद्यापीठांनी उभं राहायला हवं, आवाज उठवायला हवा. त्यावर काकांचं म्हणणं असं की विद्यापीठाने शिकवावं आणि परीक्षा घ्याव्यात, राजकारणात पडलं की दोन्ही बोंबलतं. शिवाय कार्यकर्त्यांना परदेशी विद्यापीठांत बोलावणाऱ्या या सगळ्या फेलोशिपा म्हणजे गोऱ्यांच्या पैशावरची दुकानं, कार्यकर्ता तिकडे गेला की तिकडचाच होतो. आणि वर शेवटचा टोला, "पुण्यात बसून खार्टूमच्या गप्पा कशाला, आपल्याला काय पडलंय?" (खार्टूम म्हणजे सुदानची राजधानी.)

शेवटच्यापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर तुमच्या टोपणनावातच आहे. खडकवासल्याला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, ती घुमटवाली मुख्य इमारत, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या लढाईत आपले जवान तिकडे लढले, मेले, त्यांच्या आठवणीसाठी सुदानच्या सरकारने १ लाख पौंड दिले, फाळणीनंतर त्यातले ७० हजार आपल्या वाट्याला आले आणि ते या अकादमीच्या बांधकामात गेले. उलट दिशेनेही बघा, १९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक पार पाडायला कोण गेलं होतं, तर आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. आता काय पडलंय म्हणायचं तर म्हणा बापडे.

पण खरं सांगू का, हे सगळं मी नंतर वाचलं. मला सुदान पहिल्यांदा भेटलं ते एका कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीत, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला मी होते.

कॉलेजचं नाव घेत नाही. मी तिथे कॉन्ट्रॅक्टवर होते, परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघायचे. २०२३ चा जून. खार्टूमचा एक मुलगा, तिकडे वकिलीची पदवी घेऊन इथे पुढचं शिकायला आलेला. तिकडच्या २०१९ च्या सरकारविरोधी आंदोलनात जे लोक पकडले गेले त्यांच्या याद्या करणाऱ्या वकिलांच्या हाताखाली त्याने काम केलं होतं, म्हणजे कोण कुठल्या ठाण्यात आहे, घरच्यांना कळवलं का, वकील मिळाला का, असलं काम. १५ एप्रिलला तिकडे लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, खार्टूमच्या बँका बंद, घरून पैसे येईनात. फी भरली नाही म्हणून आम्ही बोनाफाईड देईना, बोनाफाईड नाही म्हणून एफआरओकडे (परदेशी लोकांची नोंदणी करणारं ऑफिस) व्हिसा वाढवायचा अर्ज हलेना, आणि व्हिसा नसला की घरमालक, बँक, सिमकार्डवाला सगळेच तोंड फिरवतात. त्यात भर म्हणजे मी नियमावर बोट ठेवून त्याला सांगितलं की मार्कशीट ओरिजिनल लागेल, झेरॉक्स चालणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, ते ऑफिसच आता नाहीये." मी म्हटलं, "मग मेल करून बघा ना त्यांना." हे टाईप करतानाही कसंतरी होतंय.

शेवटी एका प्राध्यापिका बाईंनी स्वतःच्या सहीने पत्र दिलं, प्रिन्सिपलकडे दोन चकरा मारून फीचे हप्ते मंजूर करून घेतले, मार्कशीटच्या झेरॉक्सवर तात्पुरतं भागवलं आणि बोनाफाईड निघालं. एक पान, वर लेटरहेड, खाली गोल शिक्का. तेवढ्यावर तो पोरगा देशाबाहेर काढला जायचा राहिला.

तेव्हापासून माझं मत जरा बदललंय, आणि मागच्या पोस्टमध्ये ते नीट उतरलं नाही ही माझी चूक. "आवाज उठवायला हवा" हे वाक्य मी मागे घेते. निवेदनं काय, कोणीही काढतं. विद्यापीठाकडे एक गोष्ट अशी असते जी एनजीओकडे नसते, पक्षाकडे नसते, ती म्हणजे शिक्का. प्रवेशाचं पत्र, आयकार्ड, लायब्ररीचा पासवर्ड, पदवी, "अमुक अमुक आमचे व्हिजिटिंग फेलो आहेत" अशी एक ओळ. विमानतळावर, वकिलातीत, पोलीस ठाण्यात लोक ती ओळ वाचतात.

आणि राजकारणाचं म्हणाल तर काका, राजकारण विद्यापीठात येऊन आधीच स्टेजवर बसलेलं असतं, लाल झगा घालून. हुकूमशहांना या शिक्क्याची किंमत आपल्या आधी कळते. झिम्बाब्वेचं बघा. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला, ग्रेस मुगाबेंना, युनिव्हर्सिटी ऑफ झिम्बाब्वेने पीएचडी दिली, नाव नोंदवून काही महिनेच झाले होते अशा बातम्या तेव्हाच आल्या. पदवी दिली कोणी? रॉबर्ट मुगाबेंनी, कारण विद्यापीठाचे कुलपती तेच. कुलपती आणि पती एकच, आपल्या भाषेत हा विनोद आयता तयार आहे. मुगाबेंची सत्ता गेल्यावर २०१८ मध्ये याच प्रकरणात कुलगुरूंना अटक झाली. आणि गोऱ्यांनाही सोडत नाही मी, एडिनबरा विद्यापीठाने मुगाबेंना १९८४ मध्ये मानद पदवी दिली, नेमकं तेव्हा मुगाबेंचं सैन्य झिम्बाब्वेतल्याच माटाबेलेलँड भागात सामान्य माणसं मारत होतं. पदवी काढून घेतली २००७ ला. तेवीस वर्षं! तुमच्या कॉलेजात पुनर्मूल्यांकनाला इतका वेळ लागला असता तर पोरांनी काचा फोडल्या असत्या.

खार्टूममध्ये तर याची दुसरी बाजू दिसते. २१ ऑक्टोबर १९६४, खार्टूम विद्यापीठात विद्यार्थ्यांची सभा चालू होती, विषय दक्षिण सुदानचा प्रश्न. पोलीस घुसले, गोळीबार झाला, अहमद अल-कुरैशी नावाचा विद्यार्थी गेला. त्याच्या अंत्ययात्रेला जी गर्दी झाली ती पांगलीच नाही, वकील, डॉक्टर, प्राध्यापक, रेल्वे कामगार सगळे संपावर, आणि महिन्याच्या आत लष्करशहा जनरल अब्बूद यांना सत्ता सोडावी लागली. म्हणजे चर्चासत्राला घाबरलेलं सरकार चर्चासत्रामुळेच पडलं. तेव्हा "शिकवावं आणि गप्प बसावं" हे ऐकायला बरंय, पण शिकवतानाच गोळी येते तेव्हा काय करायचं हे कुठल्या ऑर्डिनन्समध्ये लिहिलेलं नसतं.

आता तुमचा दुकानांचा मुद्दा. अर्धा मान्य. खरंच मान्य, वरवर नाही. पैसा बराचसा युरोपातून येतो, त्यातला बराच हॉटेलच्या हॉलमध्ये आणि गळ्यातल्या ओळखपत्रांच्या फितीत जातो, आणि बरेच लोक परत जात नाहीत. (काहींना परत जाताच येत नाही, ते सोडून द्या.) पण सगळं तसं नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात एक योजना आहे, जगभरातल्या धोक्यात असलेल्या कार्यकर्त्यांना काही महिने बोलावतात, झोपू देतात, वाचू देतात, फोन आणि लॅपटॉप सुरक्षित कसा ठेवायचा ते शिकवतात, आणि हेतूच असा की माणूस दम खाऊन परत आपल्या कामावर जावा. दम खाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे वर्षानुवर्षं धमकीचे फोन घेणाऱ्यालाच विचारा.

परत जाणाऱ्यांचं माझं आवडतं उदाहरण केनियाचं. विली मुटुंगा, नैरोबी विद्यापीठात कायदा शिकवायचे, प्राध्यापकांच्या संघटनेचे सरचिटणीस. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या सरकारने त्यांना डांबलं, पुढच्या वर्षी सोडलं, नोकरी गेली. पुढे ते टोरोंटोच्या ऑसगुड हॉल लॉ स्कूलमध्ये डॉक्टरेटला गेले. अमेरिकेत-कॅनडात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या अशाच चार-पाच केनियन वकील आणि पत्रकारांनी मिळून १९९२ मध्ये केनिया ह्युमन राइट्स कमिशन काढलं, नंतर ते देशात नेलं, आणि आज तीसेक वर्षांनी ते तिथेच काम करतंय. मुटुंगा परतले, आणि २०११ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या पदाच्या मुलाखतीत त्यांना कानातल्या खड्यावरून छेडलं होतं, त्यांनी तो काढला नाही, तो घालूनच खुर्चीत बसले. आता या संस्थापकांमधलाच एक जण पुढे कायदामंत्री झाला आणि नंतर ऊर्जामंत्री असताना २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या एका प्रकरणात त्याला पायउतार व्हावं लागलं, हेही सांगते, नाहीतर तुम्ही सांगालच.

मला विचाराल तर सगळ्यात कमी दुकानदारी आफ्रिकेतल्या आफ्रिकेत जे चालतं त्यात आहे. प्रिटोरिया विद्यापीठाचं मानवी हक्क केंद्र १९८६ मध्ये निघालं, म्हणजे वर्णभेदाच्या ऐन भरात, तेही आफ्रिकान्स भाषा बोलणाऱ्या गोऱ्यांच्या विद्यापीठात. त्यांची एक मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूचा खटला लढवायची, स्पर्धा आहे, १९९२ पासून चालू, दरवर्षी वेगळ्या देशात. प्रत्येक विद्यापीठातून दोन विद्यार्थी, एक काल्पनिक खटला, आणि दोन्ही बाजूंनी भांडायचं, सकाळी पीडिताचे वकील, दुपारी सरकारचे. फायनलला तर गंमतच, इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज बोलणाऱ्या टीम मिसळून एकत्र करतात आणि दुभाष्यांच्या मदतीने त्यांनी एकमेकांचा युक्तिवाद पुढे न्यायचा. हे शुद्ध शिकवणंच आहे बरं का काका, परीक्षाही आहे. पण त्यातून बाहेर पडलेल्या पोरांना गांबियात बांजुलला असलेल्या आफ्रिकन मानवी हक्क आयोगात तक्रार कशी दाखल करतात हे माहीत असतं. या केंद्राने सेनेगलमधल्या एका संस्थेबरोबर तालिबे मुलांची केस लढवली. तालिबे म्हणजे कुराण शिकायला म्हणून धाडलेली लहान पोरं, ज्यांना काही गुरुजी हातात डबा देऊन रस्त्यावर भीक मागायला लावतात. २०१४ मध्ये आफ्रिकन बालहक्क समितीने सेनेगल सरकारला दोषी ठरवलं. भीक थांबली का? नाही, आजही डाकारमध्ये डबे दिसतात. पण "हे धार्मिक शिक्षण आहे, यात हक्कांचा काय संबंध" हे आता सरकारला कागदावर म्हणता येत नाही.

मात्र शेजारच्या देशात ठेवलं की माणूस सुरक्षित असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये युगांडाचे विरोधी नेते किझ्झा बेसिग्ये नैरोबीत एका पुस्तकाच्या प्रकाशनासाठी आले होते, तिथून त्यांना उचललं आणि चार दिवसांनी ते कंपालाच्या लष्करी कोर्टात उभे दिसले. म्हणून विद्यापीठांना माझी एक कळकळीची विनंती असते, मेहेरबानी करून पाहुण्याचे फोटो वेबसाइटवर टाकू नका. आपल्याकडे शाल-श्रीफळ दिल्याशिवाय आणि फेसबुकवर अल्बम चढवल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही, तिकडचंही काही वेगळं नाही. ज्याला सहा महिन्यांनी परत घरी जायचंय, ज्याची आई तिकडेच आहे, त्याचा फोटो कोण कोण बघतं याचा विचार फोटोग्राफर करत नाही.

बरं, आता तुमच्या विषयाकडे येते, म्हणजे स्टॅटिस्टिक्सकडे. सुदानच्या युद्धात किती माणसं मेली हे मोजणारी सरकारी यंत्रणाच कोलमडली. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या टीमने सुदानी संशोधकांना बरोबर घेऊन काय केलं, तर मृतांच्या तीन वेगवेगळ्या याद्या मिळवल्या, एक ऑनलाइन सर्व्हेची, एक ओळखीपाळखीतून आलेल्या माहितीची, एक सोशल मीडियावरच्या श्रद्धांजलीच्या पोस्टची. मग कॉमन नावं किती सापडतात यावरून कुठल्याच यादीत नसलेल्यांचा अंदाज काढला. तळ्यातले मासे खूण करून सोडून पुन्हा पकडतात ना, कॅप्चर-रिकॅप्चर, तेच. तुम्ही हे फळ्यावर शंभरदा शिकवलं असेल. उत्तर आलं की पहिल्या चौदा महिन्यांत एकट्या खार्टूम राज्यात ६१ हजारांच्या वर मृत्यू, त्यातले सुमारे २६ हजार थेट हिंसाचारात. नव्वद टक्क्यांहून जास्त कुठे नोंदलेच गेले नव्हते. याला राजकारण म्हणायचं की प्रॅक्टिकल, तुम्हीच ठरवा.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण आहे. तो खिडकीतला पोरगा अजून पुण्यातच आहे, शिक्षण संपत आलंय. तो आणि त्याचे चार-पाच मित्र, कोणी कैरोत कोणी कंपालात, बेपत्ता आणि पकडलेल्या लोकांच्या याद्या जुळवतायत. एक्सेलची तीन शीटं आहेत आणि एकाच माणसाचं नाव तिन्हीकडे वेगळ्या स्पेलिंगने, मोहम्मदच सात प्रकारचे, त्यात बापाचं नाव कधी आहे कधी नाही. तारखा अर्धवट. एकच माणूस दोनदा मोजला गेला की उद्या कोणीतरी म्हणणार, बघा, सगळी यादीच खोटी. त्याला हे कळतं पण जुळवायचं कसं हे कळत नाही, मला तर एक्सेलमध्ये बेरीज जमली तरी पुष्कळ झालं.

फाईल मी मेलवर पाठवणार नाही, तो पाठवू देणार नाही आणि बरोबरच आहे त्याचं. येत्या रविवारी सकाळी तासभर आहे का तुमच्याकडे? लॅपटॉप तो घेऊन येईल, चहा त्याला बिनदुधाचा आणि साखर मात्र भरपूर लागते, आणि हो, तुमची कमेंट मी त्याला इंग्रजीत करून सांगितलीये.