गाणं टिकतं की टिकवलं जातं? एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की लोकप्रिय गाणं पिढ्यानपिढ्या टिकतं ते चालीच्या जोरावर, आणि चांगली चाल कधी मरत नाही. त्यावर तुम्ही चांगलंच फटकारलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: चालबिल सब झूट, संगीत कंपन्या जे टिकवतात ते टिकतं. जगलेली गाणी समोर ठेवून त्यांच्यात गुण शोधणं सोपं आहे, मेलेल्यांची यादी कोण ठेवतो? पुरावा म्हणून तुम्ही ब्रिटिश गायिका केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ दिलंत. १९८५ चं गाणं एका मालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. वर ‘आजची गाणी दोन महिन्यांत विसरली जातात’ हे माझं वाक्य वय झाल्याचं लक्षण आहे, असंही सुनावलंत. शेवटी वडिलांच्या एका गाण्याबद्दल लिहिलंत, त्याकडे शेवटीच येतो.

दोन ओळींत आभार मानून सुटणार होतो, पण प्रतिक्रिया डोक्यातून जाईना. तेव्हा आता सविस्तर.

वयाचं आधी उरकतो. मान्य. पौगंडावस्थेत आणि विशीत ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर जवळची वाटतात, आणि माझी विशी सरून बराच काळ लोटलाय. ते वाक्य मागे घेतो.

मेलेल्या गाण्यांचा मुद्दा जड आहे, आणि तिथेही तुमचंच पारडं जड ठरतं. २००६ साली मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. १४,३४१ माणसं आणि अनोळखी बँडची ४८ गाणी. काही जणांनी ती आपापली ऐकली, आवडली ती उतरवून घेतली, म्हणजे डाउनलोड केली. बाकीच्यांना आठ गटांत वाटून टाकलं होतं, आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवलं हे त्यांना दिसत होतं. गाणी तीच, सगळ्यांची सुरुवात शून्यापासून, तरी आठ गटांत यादी वेगवेगळी लागली. एकेकट्याने ऐकणाऱ्यांनी २६ व्या क्रमांकावर ठेवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात ४० वं. पहिल्या काही जणांनी कशावर बोट ठेवलं, त्यावर पुढचं सगळं हललं.

म्हणजे ‘चांगली चाल कधी मरत नाही’ हे माझं वाक्य साफ चुकीचं. चांगल्या चाली मरतात, आणि त्या मेल्याचं आपल्याला कळतही नाही.

पण हाच प्रयोग तुम्हालाही पूर्ण सोडत नाही. एकट्याने ऐकणाऱ्यांनी उत्तम ठरवलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी टाकाऊ गाणी क्वचितच वर आली. सगळा गोंधळ होता तो मधल्या मोठ्या घोळक्यात. पुढे २००८ मध्ये सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी आणखी गंमत केली. लोकप्रियतेची यादीच मुद्दाम उलटी करून लोकांसमोर ठेवली, तळाचं वर आणि वरचं तळाला. तुमच्या कंपन्या करतात म्हणता, तेच. बहुतेक गाण्यांच्या बाबतीत ही थाप खपली आणि खोटी लोकप्रियता खरी होऊन बसली. सर्वांत चांगली गाणी मात्र हळूहळू पुन्हा वर सरकली, आणि लोकांनी गाणी उतरवून घेण्याचं एकूण प्रमाणच घटलं. तेव्हा चालीला मी उंबरठा म्हणेन. तो ओलांडल्याशिवाय आत येता येत नाही, पण ओलांडला म्हणून कुणी घरात ठेवून घेतंच असंही नाही.

आता कंपन्या. लुई आर्मस्ट्राँगचं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ १९६७ चं. अमेरिकेतल्या कंपनीच्या प्रमुखाला ते आवडलं नाही, त्याने त्यामागे जोर लावला नाही, आणि तिथे ते पडलं. ब्रिटनमध्ये तेच गाणं पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिकेत त्याला दिवस आले ते वीस वर्षांनी, एका युद्धपटात वाजल्यावर. लेनर्ड कोहेनचं ‘हॅलेलुया’ ज्या १९८४ च्या अल्बममध्ये आहे, तो अमेरिकेत काढायलाच त्याच्या मोठ्या कंपनीने नकार दिला होता. यावर तुम्ही म्हणाल की चित्रपट, मालिका हेही व्यापारच की. आहेच. केट बुशलाही मालिकेने उचललं हे खरं. पण मालिकांत आणि चित्रपटांत जुनी गाणी सतत वाजत असतात आणि त्यातली बहुतेक पुढच्या प्रसंगापर्यंत आपण विसरतो. त्या मालिकेत हे गाणं पार्श्वभूमीला नव्हतं. एका मुलीला मृत्यूच्या तावडीतून परत ओढून आणण्याचं काम कथेने त्याच्यावर सोपवलं होतं. देवाशी सौदा करून दोघांनी एकमेकांच्या जागी जाऊन बघावं, असं म्हणणारं ते गाणं, आणि त्याला ते काम पेललं.

‘काम’ हा शब्द मागच्या लेखात माझ्याकडून राहिला. तुमच्या प्रतिक्रियेमुळे तो सापडला, म्हणून हे एवढं उत्तर.

जे गाणं पिढ्या ओलांडतं त्याला लोकांनी कुठेतरी कामाला लावलेलं असतं, आणि ते काम बहुतेकदा गाणं लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे १९४५ च्या एका संगीतिकेतलं गाणं. तिथे ते नवरा नुकताच गेलेल्या बाईला धीर द्यायला गायलं जातं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या गेरी अँड द पेसमेकर्स या बँडने ते गायलं, ते पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्या गावच्या फुटबॉल मैदानावर प्रेक्षकांनी ते धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. त्यातल्या किती जणांनी ती संगीतिका पाहिली असेल? अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून हरतानाही उभं राहायला काहीतरी गायला हवं होतं, ते मिळालं.

बिंग क्रॉस्बीचं ‘व्हाइट ख्रिसमस’ १९४२ चं. त्याच्या प्रती इतक्या काढाव्या लागल्या की मूळ मुद्रण झिजलं आणि १९४७ मध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागलं. या गाण्याला दरवर्षी ठरलेल्या महिन्यात नोकरी असते. सणाची गाणी या बाबतीत भाग्यवान, कॅलेंडरच त्यांचा वशिला. (एक अवांतर: १९७५ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन सोडण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या अमेरिकनांना गुप्त खूण म्हणून रेडिओवर हेच गाणं लावलं गेलं. भर उन्हाळ्यात बर्फाचं गाणं, म्हणजे निघा. याहून विचित्र काम कुठल्या गाण्याला मिळालं असेल असं वाटत नाही.)

उलट बाजूला ‘माकारेना’ हे नाचाचं गाणं बघा. १९९६ मध्ये अमेरिकेत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर. आज त्यातलं एक कडवं कुणाला म्हणायला सांगा, तोंडं बघत बसतील. हातवारे मात्र सगळ्यांना येतात. गाण्याचा जेवढा भाग कामाचा होता तेवढाच उरला.

मग कोणतं गाणं कामाला लावता येतं? इथे माझ्याकडे नियम नाहीत, काही दिसलेल्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे बेसूर गळ्यालाही ते झेपलं पाहिजे, असं मी इतके दिवस छातीठोकपणे सांगायचो. ‘सेव्हन नेशन आर्मी’ हे २००३ चं गाणं त्याला अगदी चपखल बसतं. त्याच वर्षी बेल्जियमच्या एका फुटबॉल क्लबचे पाठीराखे मिलानला सामना बघायला गेले असताना त्यांनी ते उचललं. सात स्वरांची एक ओळ, शब्दसुद्धा नकोत, हजारो माणसं ‘ओ ओ’ करत ती गातात. पण मग वाढदिवसाचं गाणं घ्या. १८९३ मध्ये हिल भगिनींनी वर्गातल्या मुलांच्या सकाळच्या अभिवादनासाठी केलेली ही चाल. तिसऱ्या ओळीत ती पूर्ण एका सप्तकाची उडी घेते आणि तिथे जगभर प्रत्येकाचा गळा फाटतो. तरी ते गायल्याशिवाय केक कापला जात नाही. काम भक्कम असेल तर लोक गळा फाडायलाही तयार असतात, असं दिसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाण्याने मूळ गायकाचा हात सोडला पाहिजे. ‘हॅलेलुया’ची गोष्ट यासाठीच पुन्हा काढतो. कोहेनने त्याची कितीतरी कडवी लिहून ठेवली होती. १९९१ मध्ये जॉन केलने त्यातली आपल्याला हवी ती निवडून गायली. केलचं ऐकून १९९४ मध्ये जेफ बकलीने गायलं. २००१ मध्ये एका विनोदी ॲनिमेशनपटात केलचा आवाज वाजला आणि ते मुलांपर्यंत पोचलं. २००८ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या यादीत हेच गाणं पहिल्या क्रमांकावर होतं एका स्पर्धेतल्या विजेतीच्या आवाजात, दुसऱ्या क्रमांकावर बकलीच्या आवाजात, आणि खुद्द कोहेनचं होतं ३६ व्या. फार लोक हे गाणं गातात, असं पुढे कोहेनच मिश्कीलपणे म्हणाला. लग्नातही गातात आणि अंत्यविधीतही. शब्द भक्तीचे की शरीराचे, जिंकल्याचे की हरल्याचे, हे ते ठरवू देत नाही, आणि म्हणून ज्याला जे हवं ते त्यात भरता येतं. एकच एक अर्थ घट्ट धरून बसलेली गाणी इतकी फिरत नाहीत.

कधी तर शब्द कळलेही नाहीत तरी चालतं. सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये झुलू भाषेत ‘म्बुबे’ गायलं. अमेरिकन लोकगायक पीट सीगरने ते तबकडीवर ऐकलं, ‘उयिम्बुबे’चं ‘विमोवे’ ऐकू आलं आणि तेच गायलं. १९६१ मध्ये त्यावर इंग्रजी शब्द बसून ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिंडा पुढच्याच वर्षी गरिबीत वारला, आणि त्याच्या वारसांना तडजोडीतून न्याय मिळायला २००६ उजाडलं. तुमचा कंपन्यांवरचा राग इथे मलाही आहे. गाणं हात सोडतं तेव्हा पैसाही दुसऱ्याच्या हातात जातो, हे मी मागच्या लेखात गोड शब्दांखाली झाकलं होतं.

शेवटचा मुद्दा हस्तांतराचा. कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. आपल्या काळातली त्यांना जवळची वाटणार हे उघड होतं. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या, म्हणजे १९८० च्या आसपासच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी आणि भावना जोडलेल्या निघाल्या, आणि त्याहून मागे १९६० च्या दशकातल्या गाण्यांशीसुद्धा. ही गाणी त्यांनी लहानपणी घरात कानावर पडता पडता उचलली असणार. कानावर पडणं हीच किल्ली असेल, तर प्रत्येकाच्या कानात वेगळी इअरफोनची जोडी असलेल्या घरात काय होईल, ही माझी खरी काळजी होती. ती मी ‘आजची गाणी विसरली जातात’ अशा भलत्याच वाक्यात मांडली. आणि ती काळजीही कदाचित फोल असेल. परवा माझी मुलगी फ्लीटवुड मॅकचं ‘ड्रीम्स’ गुणगुणत होती. गाणं १९७७ चं. ते तिला माझ्याकडून मिळालं असं वाटून मी मनातल्या मनात फुशारलो. विचारलं तर म्हणाली, स्केटबोर्डवरून जाणाऱ्या एका माणसाच्या छोट्या व्हिडिओतलं आहे. गाणं कुणाचं हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती.

आता तुमचे वडील. तुम्ही लिहिलंत की ते एक गाणं कायम गुणगुणायचे, त्याची चाल मी उल्लेखलेल्या कुठल्याही गाण्याच्या तोडीची होती, आणि आज ते कुणालाही आठवत नाही. माझ्या लेखाविरुद्धचा हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा, आणि तो मी खोडू शकत नाही. फक्त त्याच परिच्छेदात, दोन ओळी वर, ते तुम्हाला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे असंही तुम्हीच लिहून गेला आहात. गाण्याचं नाव मात्र दिलेलं नाहीत. पुढच्या प्रतिक्रियेत लिहा, आणि जमलं तर कुठेतरी म्हणून पाठवा. आवाजाची काळजी करू नका, माझाही तिसऱ्या ओळीत फाटतो.