कुलाब्याचं अफगाण चर्च : 1847 साली फक्त पाया घातला गेला

कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या फोटोखाली 'अफगाण युद्धातल्या विजयाचं स्मारक, 1847 साली बांधलं' असा मजकूर फिरतो आहे. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

1847 च्या डिसेंबरात बसला तो पायाचा दगड. प्रार्थनेसाठी चर्च खुलं झालं जानेवारी 1858 मध्ये, तेही शिखराविना. पैसा पुरत नव्हता. पुढे वर्गणी जमली, पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनीही हातभार लावला आणि समुद्रावरून दिसणारं ते उंच निमुळतं शिखर 1865 मध्ये पूर्ण झालं.

आराखड्याबद्दलही गल्लत होते. आधी ऑक्सफर्डच्या डेरिक यांचा आराखडा आला होता, तो परवडला नाही. मग काम हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे गेलं; विहार तलावाची पाणीयोजना आखणारे इंजिनिअर ते हेच. आतल्या भौमितिक नक्षीच्या फरशा आणि वेदीमागची सजावट मात्र लंडनच्या विल्यम बटरफिल्ड यांची. एवढं देखणं काम एकाच्याच नावावर टाकणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे.

राहिला विजय. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघार घेणारी ब्रिटिश फौज वाटेतच जवळपास सगळी संपली. तिच्यात हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे मोठ्या संख्येने होते. चर्च उभारलं ते सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांसाठी. भिंतीवर नावं मात्र अधिकाऱ्यांचीच कोरलेली आहेत. फोटोखाली काही लिहायचंच असेल, तर हे लिहा.