एसएटी कमी आली म्हणून ऑनर्सचा अर्ज सोडू नका

१६०० पैकी १३००च्या आसपास एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) आली की अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत ऑनर्स कॉलेजचा, म्हणजे विद्यापीठातल्या निवडक मुलांसाठीच्या खास विभागाचा, विषयच बंद होतो. मग पुन्हा क्लास, पुन्हा परीक्षा. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पेन स्टेट विद्यापीठाचं श्रायर ऑनर्स कॉलेज निवड करताना एसएटी किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी बघतच नाही. ॲरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये किमान गुणांची अट नाही. अशा ठिकाणी मुलाचं लेखन बारकाईने वाचलं जातं, आणि नेमकं तेच आपल्याकडे शेवटच्या आठवड्यात उरकतात.

आधी यादी नीट करा. जॉर्जिया टेक किंवा टेक्सास-ऑस्टिनला परीक्षा सक्तीची आहे, तिथे गुण लपत नाहीत. जिथे ऐच्छिक आहे तिथे त्या विद्यापीठाचा ‘कॉमन डेटा सेट’ (प्रवेशाची आकडेवारी देणारा अहवाल) उघडा. सी७ या तक्त्यात गुणांना किती वजन आहे ते कळतं, सी९ मध्ये २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे असतात, म्हणजे पाव मुलं ज्याच्या खाली आणि पाव मुलं ज्याच्या वर असतात ते गुण. तुमचे गुण २५ पर्सेंटाइलच्या आकड्याखाली असतील तर पाठवू नका. मात्र हे आकडे सगळ्या विद्यापीठाचे असतात. ऑनर्सच्या मुलांचे गुण साधारणपणे त्याहून वरचे असतात, हे धरून चला. गुणांवर आपोआप मिळणारी स्कॉलरशिप हा वेगळा हिशेब आहे, तो ऑनर्समध्ये मिसळू नका.

आता निबंध. कॉमन ॲपच्या (अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकत्रित अर्जाच्या) ६५० शब्दांच्या निबंधातलाच मजकूर थोडा फिरवून ऑनर्सच्या प्रश्नाला चिकटवला की अर्ज तिथेच पडतो. वाचणारे बहुधा त्याच कॉलेजचे प्राध्यापक किंवा कर्मचारी असतात. हा मुलगा वीस जणांच्या वर्गात बसून वाद घालेल का, शेवटी प्रबंध पुरा करेल का, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून बक्षिसांची यादी नको. एकच प्रश्न घ्या, जो मुलाला खरंच छळतोय. त्यावर काय वाचलं, कुठे मत बदललं, काय अजून सुटलेलं नाही, ते लिहू द्या. आईबाबांनी भाषा ‘सुधारली’ की मुलाचा आवाज जातो, आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

शिफारसपत्र अकरावीत शिकवणाऱ्या शिक्षकांकडून घ्या आणि उन्हाळी सुट्टी लागण्याआधी मागा. सोबत एक पान द्या: कोणता प्रकल्प, कोणता निबंध, वर्गात कुठे अडलो आणि कसं सोडवलं. नाहीतर ‘मेहनती आणि नम्र’ एवढंच येतं. पुण्या-मुंबईहून थेट अर्ज करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. शंभर जणांच्या वर्गातल्या सरांना आठवण करून द्यावीच लागते.

अनेक ठिकाणी ऑनर्सचा अर्ज वेगळा असतो, मुदतही आधीची असते, बऱ्याचदा नोव्हेंबरच्या सुरुवातीची. प्रवेशाचा अर्ज भरला म्हणजे हाही झाला, असं समजून कितीतरी चांगली मुलं राहून जातात. बॅरेटसारख्या ठिकाणी वेगळी फीसुद्धा आहे, ती आधीच विचारा.

आणि नकार आला तरी दुसरं दार असतं. श्रायर आणि बॅरेट दोन्हीकडे तिथे आधीच शिकणाऱ्या मुलांनाही अर्ज करता येतो. तेव्हा कॉलेजातला जीपीए (सरासरी गुणांक) आणि प्राध्यापकांचं पत्र बोलतं. त्यामुळे पहिल्याच सत्रात क्रेडिटचा, म्हणजे विषयांचा, डोंगर उचलू नका, निदान एक विषय लहान वर्गाचा घ्या आणि त्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेला) पहिल्या महिन्यापासून जा.