नाडी ५४ आली म्हणून बीपीची गोळी बंद करू नका, बाप्पा!

‘नाडी ६० च्या खाली म्हणजे हार्ट ब्लॉक. झोपेतच हृदय बंद पडतं. बीपीची गोळी आजच सोडा, मीठ-साखरेचं पाणी प्या, चक्कर आली तर जोरजोरात खोका, दर तासाला ऑक्सिमीटर लावा.’ खाली कोण्या डॉक्टरचं नाव. गाव नाही, पदवी नाही. हा मेसेज वाचून घरच्या काकाजींनी दोन दिवस मेटोप्रोलॉल ही त्यांची बीपीची गोळी घेतली नाही, म्हणून हे लिहिणं आलं.

गोळीचंच आधी, कारण जिवाशी खेळ तिथं आहे. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांचं कामच नाडी हळू करणं. डोस जास्त झाला तर नाडी फार उतरते, हे मेसेजमधलं अर्धं खरं, मान्य. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिननंही उतरते. काचबिंदूच्या टिमोलॉल ड्रॉपनंसुद्धा, आणि ड्रॉपला तर कोणी औषधात धरतच नाही. पण ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन नाडी पाडत नाहीत. मग ‘बीपीची गोळी’ म्हणजे नेमकी कोणती?

मेटोप्रोलॉल एकदम तोडली की इतके दिवस दाबून ठेवलेलं हृदय उसळतं. नाडी, बीपी चढतं, छातीत दुखतं, आधीच शिरा अरुंद असतील तर झटकाही येतो. म्हणून ती बंद करायचीच झाली तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर असेल, तर पुढच्या डोसाआधी त्याच दिवशी गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा. घरी बसून निर्णय नको.

आता ६० चा आकडा. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत मंद नाडीची रेषा ५० वर आहे. हृदयाचा मूळ ठोका देणारी गाठ मंदावली असेल तर अमुक आकड्याखाली पेसमेकर बसवाच, अशी किमान सीमाही तिथं नाही. त्रास आणि मंद ठोका यांचा मेळ बसतो का, ते बघतात. हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा संदेश हृदयातच वाटेत अडणं, ही वेगळी गोष्ट. त्यातल्या काही प्रकारांत त्रास नसतानाही पेसमेकर लागतो, पण ते ईसीजीत दिसतं, बोटाच्या चिमट्यात नाही. गाढ झोपेत ४०-४५ ठोके निरोगी माणसाचेही पडतात, आणि वावरात राबणाऱ्या कास्तकाराची बसल्या जागी ५२ आली तर नवल नाही.

काहून दर तासाला ऑक्सिमीटर? मधूनच एखादा ठोका लवकर पडला तर त्याची लाट बोटापर्यंत पोचत नाही आणि यंत्र तो गाळतं. एकाआड एक असं झालं की हृदय ७६ चालतं अन् पडद्यावर ३८ दिसतं. ते पाहून जीव घाबरा होतो, आणि माणूस पुन्हा बोट घालतो. त्यापेक्षा सकाळी चहाआधी पाच मिनिटं बसा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंदांची चौपट नको. संध्याकाळी एकदा. तारीख घालून वहीत लिहा, सात दिवस. मधे फक्त चक्कर आली तरच मोजा.

खोकण्याचा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशननं घरच्या वापरासाठी मान्य केलेला नाही. मीठ-पाण्यानं बीपीवाल्याचं बीपीच वाढेल.

आपल्याकडे जे सांगायला पाहिजे होतं ते मेसेजमध्ये नाहीच. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी केल्यावर नाडी मंद, बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, अंग फडफडणं, ही फॉस्फरसवर्गी विषाची खूण. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. उतारा ॲट्रोपिन, तो तिथंच मिळतो.

नाडी मंद असलेल्या बाकीच्यांनी वही आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, ड्रॉप, चूर्ण पिशवीत टाकून ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढावा. थायरॉईड, पोटॅशियम तपासावं. ईसीजी चांगला पण चक्कर येतच असेल तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचा छोटा ईसीजी, त्यासाठी बहुधा नागपूर किंवा सेवाग्राम. हे सगळं चांगलं निघालं, त्रासही नाही, तर ‘कारण सापडलं नाही’ याचा अर्थ आजार लपला असा होत नाही. ५४ ही त्या माणसाची नाडी असू शकते. शुद्ध हरपली, दम लागला, छाती भरून आली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर मोजत बसू नका, १०८ लावा.