हागिया सोफियाचा घुमट पडला होता

इस्तंबूलच्या हागिया सोफिया या जुन्या चर्चच्या (आता मशीद) फोटोखाली हल्ली एक मजकूर फिरतोय: ‘अडाणी गवंड्यांनी, चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून बांधलेला घुमट 1500 वर्षांत जागचा हललेला नाही. आणि आजचे इंजिनीअर बघा!’ आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला, म्हणून लिहितो.

‘हललेला नाही’ हे तर साफ खोटं. इमारत पुरी झाली डिसेंबर 537 मध्ये. 553 आणि 557 च्या भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट 7 मे 558 ला कोसळला. जेमतेम वीस वर्षं टिकला. तो फार चपटा होता, आणि घुमट जितका चपटा तितका त्याचा बाहेरच्या बाजूला रेटा जास्त. त्या रेट्याने खालचे खांब कलत गेले. मूळ इमारत रचणाऱ्या दोघांपैकी एक होता इसिडोर. नवा घुमट बांधला त्याच्या पुतण्याने, धाकट्या इसिडोरने. त्याने काकाचंच काम पुन्हा गिरवलं नाही. घुमट आधीपेक्षा सहा-सात मीटर उंच घेतला, त्यामुळे रेटा कमी झाला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका तोच नाही. त्याचा घुमटही पुढे 989 मध्ये पश्चिमेकडून ढासळला, तो आर्मेनियाच्या त्रदात या वास्तुविशारदाने सावरला. 1346 मध्ये पूर्वेची बाजू पडली. आज आत उभं राहून वर पाहिलं, तर घुमटाच्या 40 फासळ्यांपैकी (विटांच्या उभ्या पट्ट्यांपैकी) धाकट्या इसिडोरच्या उरल्यात त्या फक्त उत्तर-दक्षिणेकडच्या काही.

‘अडाणी’ कोण? मूळ इमारत रचणारे दोघे. त्यातला ट्रालेसचा अँथेमियस वैद्याचा मुलगा आणि पक्का भूमितीवाला. दोन खिळ्यांना दोरा अडकवून, तो ताणून धरत लंबवर्तुळ काढायची जी कृती आपण शाळेत केली, ती त्याच्या आरशांवरच्या लेखनात आहे. दुसरा, मिलेटसचा थोरला इसिडोर तर आर्किमिडीजच्या ग्रंथांचा जाणकार, विद्यार्थी घडवणारा गुरू.

राहिला चुना. मोठे खांब दगडी, पण घुमट विटांचा. विटांमधला थर म्हणजे चुना आणि विटांचा चुरा, आपले गवंडी ज्याला सुरखी म्हणतात तसा. आणि तो थर जवळपास विटेइतकाच जाड! असा जाड थर वाळायला वेळ घेतो. इथे तर पाया घातल्यापासून सहा वर्षांच्या आत सगळं उरकलं होतं. ओल्या बांधकामावर वरचा भार आला, कमानी वाकल्या. घुमटाचा पायथा आजही नेमका गोल नाही.