सीडी जळतेय, हलू नका

2003 च्या सुमारास ज्याच्या घरी सीडी रायटर, म्हणजे कोऱ्या सीडीवर लिहिणारं यंत्र असे, त्याला नातेवाईक कमी पडत नसत. माझ्याकडे रायटर होता आणि सासऱ्यांकडे, म्हणजे अप्पांकडे, भजनी मंडळ. पुढचं ओघानंच आलं.

अप्पांच्या पंचाहत्तरीला मंडळातल्या प्रत्येकाला सगळ्यांच्या भजनांची एकेक सीडी भेट द्यायची, असं माझ्या अपरोक्ष ठरलं. "जावईबापू, तुमचं यंत्र आहेच की," एवढंच मला कळवण्यात आलं.

टेपरेकॉर्डरला वायर जोडून कॅसेटी संगणकात उतरवल्या. इथवर ठीक होतं. घोळ झाला तो वेळेचा. ऑडिओ सीडीत मावतात 80 मिनिटं, आणि मंडळ एकदा रंगलं की 80 मिनिटांत जेमतेम गौळणीपर्यंत येतं. भाचा म्हणाला, "मामा, एमपीथ्री करा ना, शंभरेक भजनं बसतील." बसतील खरी, पण ती वाजवणार कशावर? मंडळातल्या एकाच्याही घरचा प्लेअर एमपीथ्रीला ओळख देत नव्हता. मग कात्री. कोणाचा अभंग कापायचा हा प्रश्न अप्पांनी दोन कप चहात सोडवला: "गजर काढा. तो सगळ्यांचा आहे, म्हणजे कोणी विचारणार नाही."

यानंतर प्रत्यक्ष जाळणं, म्हणजे सीडीवर लेझरनं लिहिणं. सीडीवरचा लेझर आतून बाहेर सर्पिलाकार लिहीत जातो, आणि आमच्या जुन्या रायटरातला लेझर एकदा सुटला की थांबत नसे. 8 एक्स, म्हणजे मूळच्या आठपट वेगाला सेकंदाला 1,200 केबी माल लागतो. रायटरच्या पोटातला साठा, म्हणजे बफर, 2 एमबीचा. म्हणजे हार्ड डिस्कनं दोन सेकंद जरी आळस केला, तरी लेझरला लिहायला काही उरत नाही, पडद्यावर 'बफर अंडररन' झळकतं आणि सीडी कायमची बाद. नंतरच्या रायटरांना मध्येच थांबून तिथूनच पुढे लिहायची अक्कल आली, पण ती बाजारात. आमच्या घरात नाही.

त्यामुळे घरात सोवळं सुरू झालं. सीडी जळत असताना कुणी माऊसला शिवायचं नाही. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, मुलांचा गेम तर नावालाही नाही. गुरुवार मुळातच बाद, कारण पुण्यात गुरुवारी वीज कधी जाईल याचा नेम नाही. बायको दाराशी उभी राहून कुजबुजत विचारायची, "मिक्सर लावू का?" मिक्सरचा आणि बफरचा संबंध नाही हे मला माहीत होतं. तरी मी "थांब" म्हणायचो. एवढा अधिकार त्या घरात मला पुन्हा कधी मिळाला नाही.

अंडररन आटोक्यात आला तेव्हा 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' आली. अप्पांनी वर पाहिलं. "पॉवर आहे की. पंखा फिरतोय." लिहिण्याआधी लेझर सीडीच्या आतल्या कडेला आपला जोर अजमावून पाहतो, आणि ही सीडी त्याला मानवत नाहीये, असं मी समजावलं. "मग दुसरी द्या त्याला. आपल्याला कुठं एकाच सीडीशी लग्न लावायचंय?" अप्पा म्हणाले. भाच्याचं निदान वेगळं होतं: जंपर, म्हणजे एका वायरवरच्या दोन ड्राइव्हांत मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे ठरवणारी मागची चिमुकली टोपी. त्यानं कॅबिनेट उघडलं, मास्टरचं स्लेव्ह केलं, स्लेव्हचं मास्टर केलं, आणि संगणकाला सीडी रायटर दिसेनासाच झाला. एररही गेली, हे कबूल करायला हवं.

अखेर जंपर मूळ जागी आले, कोऱ्या सीडींचा डबा बदलला, वेग 4 एक्सवर आणला आणि गाडी रुळावर आली. एकेका सीडीला वीस मिनिटं, पण ट्रे बाहेर यायचा तेव्हा ऊबदार तबकडी हातात घेऊन अप्पा ती उजेडात धरत, जणू भजनं दिसणारच आहेत.

मी निर्धास्त झालो आणि झोपलो. त्या रात्री अप्पांनी जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक सीडीवर ज्याचं त्याचं नाव घातलं. कडेनं, गोलाकार, वळणदार मोडीची सवय असलेल्या अक्षरात. बॉलपेननं. दाबून.

लोकांना वाटतं सीडीची चकचकीत बाजू नाजूक. तिथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं. खरी नाजूक वरची, नाव लिहायची बाजू. माहिती तिथल्या पातळ लाखेच्या लगेच खाली असते. मार्कर चालतो, बॉलपेन कोरत जातं. आणि सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणजे कडेला येतो तो शेवटचा अभंग.

शेवटचा अभंग पेटीवाल्या काकांचा होता.

पंचाहत्तरी झाली, पेढे संपले, आणि तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सगळ्यांची सीडी झकास वाजते, पेटीवाले काका तेवढे दुसऱ्या ओळीला अडकतात. प्रत्येकाच्या घरी. काकांना यात योगायोग दिसेना. मंडळात तबलेवाल्यांशी त्यांचं पूर्वीपासून वाकडं होतंच.

अप्पांनी मध्यस्थी केली. संध्याकाळी मला म्हणाले, "जावईबापू, ते म्हणतात सगळं पुन्हा करा. आणि या खेपेला त्यांचं पहिलं."

"आणि शेवटचं कोणाचं?"

"तबलेवाल्यांचं. तसं त्यांनी सुचवलंय."